मोकळा प्लॉट, भरलेला सातबारा

ठाण्यात ढोकाळी नाक्यावरून कोलशेत रोडने खाडीकडे निघालं की दोन्ही बाजूंना टॉवरच टॉवर लागतात. यांतल्या बऱ्याच जागी पूर्वी कारखाने होते. क्लॅरियंटच्या जमिनीवर लोढा अमारा उभं राहिलं, बायरच्या जमिनीवर कल्पतरू पार्कसिटी. हे सौदे शेकडो कोटींचे होते आणि त्यांची कागदपत्रं तपासायला वकिलांची पथकं होती. पुढे रस्ता जुन्या कोलशेत गावात शिरतो. तिथे आगरी-कोळ्यांची घरं आहेत आणि त्यापलीकडे खाडी. टॉवर आणि गाव यांच्या मधल्या पट्ट्यात अजून दोन-चार गुंठ्यांचे तुकडे मोकळे पडलेले दिसतात. फ्लॅटमध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या माणसाची नजर तिथे अडकते. आपल्या मनासारखं, अंगण असलेलं, खाली आईवडील आणि वर मुलं राहतील असं घर त्याला दिसू लागतं. हे स्वप्न मला मोलाचं वाटतं, म्हणून त्याची वाट सावकाश सांगतो.

प्रत्येक प्लॉटची तीन क्षेत्रं असतात. सातबाऱ्यावर लिहिलेलं क्षेत्र पहिलं. विकणाऱ्याला खरोखर विकता येतं ते दुसरं. आणि घर बांधायला मिळतं ते तिसरं. भाव नेहमी पहिल्या क्षेत्राचा सांगितला जातो, उपयोग मात्र तिसऱ्याचाच होतो. या दोहोंत किती तफावत आहे हे विसार देण्याआधी शोधून काढणं, हेच खरेदीचं निम्मं काम.

पहिल्यापासून सुरुवात करू. एजंटाकडून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर घ्या. तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. नंबर मिळाला की महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो. डिजिटल सही असलेली प्रत पंधरा रुपयांत मिळते. एजंटाने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवर कधीच विसंबू नका. जागा गावठाणात किंवा नगर भूमापन झालेल्या भागात असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड असतं. काही ठिकाणी दोन्ही चालू असतात आणि त्यांतली क्षेत्रं जुळत नाहीत. तसं असेल तर दुरुस्ती आधी आणि व्यवहार नंतर.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्ये असतं. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर. बाजार बोलतो गुंठ्यात, आणि गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, सुमारे 101 चौरस मीटर. त्यामुळे आर आणि गुंठा जवळपास सारखेच वाटतात, पण ठाण्याच्या भावात तो एकेक चौरस मीटरसुद्धा मोठा असतो. क्षेत्राशेजारी 'पो.ख.' असं लिहिलेलं असेल तर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य धरलेला भाग. खाडीकाठच्या गावात त्याचा अर्थ खाजण किंवा दलदलही असू शकतो, म्हणून तो भाग नेमका कुठे येतो ते नकाशावर पाहायचं.

आता सातबारा समोर ठेवून नीट वाचा. नमुना सातच्या मधल्या रकान्यात भोगवटादारांची नावं असतात आणि प्रत्येक नावापुढे फेरफार क्रमांक. तो क्रमांक म्हणजे हे नाव इथे कसं आलं याचा पत्ता. उजवीकडच्या रकान्यात कुळ, खंड आणि इतर अधिकार असतात. बँकेचा बोजा, सोसायटीचं कर्ज, वहिवाटीचा रस्ता, न्यायालयाचा मनाई हुकूम, 'पुनर्वसनासाठी', 'कु.का. कलम 43 च्या बंधनास पात्र' अशा नोंदी तिथेच येतात. लोक नाव वाचतात आणि कागद मिटतात. मला विचाराल तर उजवा रकाना आधी वाचावा.

एक गोष्ट इथेच पक्की करू. सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे, मालकीचं प्रमाणपत्र नव्हे. त्यातल्या नोंदी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 नुसार उलट सिद्ध होईपर्यंत खऱ्या धरल्या जातात, एवढंच. मालकी सिद्ध होते ती मागच्या कागदांच्या साखळीतून. ती साखळी फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहामध्ये सापडते. सज्जाच्या तलाठ्याकडून (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे) आणि तहसील कार्यालयातल्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे आणि सगळे फेरफार काढून घ्या. किमान तीस वर्षांचे घ्यायची पद्धत आहे. कोलशेतसारख्या गावात मी तरी 1950च्या आसपासपर्यंत मागे जायला सांगेन, कारण कुळकायद्याचा (वरच्या नोंदीतला 'कु.का.' तोच) सगळा गुंता त्या काळातला आहे.

जुन्या उताऱ्यावर काही नावं कंसात दिसतील. 'कंस झाला' म्हणजे ते नाव कमी झालं. ते कोणत्या फेरफाराने कमी झालं आणि त्या फेरफाराला आधार काय होता, हे पाहायचं. नुसता अर्ज, तोंडी जबाब की नोंदणीकृत दस्त? नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. 'अ.पा.क.' दिसलं तर मालक त्या वेळी अज्ञान होता आणि पालनकर्त्याचं नाव लागलं आहे. अज्ञान मुलाची जमीन पालकाने न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकली असेल, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत त्याला ती विक्री रद्द करून घेता येते.

समजा, बाप वारला आणि 1968च्या फेरफाराने थोरल्या मुलाचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लागलं. धाकटे दोघे भाऊ आणि तीन बहिणी कुठेच दिसत नाहीत. थोरला गेला, त्याच्या मुलांची नावं वारस म्हणून चढली आणि पुढच्या संगणकीकृत सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' ही अक्षरं गळून पडली. आज ती मुलं तुमच्यासमोर बसून सांगतात, जागा आमचीच आहे, सातबारा बघा. ती खोटं बोलत असतीलच असं नाही. त्यांना तसंच वाटत आलेलं असतं. पण त्यांना विकता येतो तो फक्त त्यांच्या बापाचा हिस्सा.

यात सगळ्यांत जास्त विसरल्या जातात त्या बहिणी. हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेलं वाटप तेवढं सुरक्षित राहतं. म्हणून वंशावळ मागायची. आजोबांपासूनची, प्रतिज्ञापत्रावर, आणि तीत लग्न होऊन दिवा, भिवंडी, उरणला गेलेल्या आत्यांची नावं असलीच पाहिजेत. प्रत्येकीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तरी हवं, नाहीतर खरेदीखतावर तिची सही हवी. 'ती काय सही देणार नाही का? आमची बहीणच आहे' या शब्दांवर एक रुपयाही सोडू नये. आणि बहिणीला तिचा वाटा मिळाला आहे का, हेही विचारावं. तो तिचा हक्क आहे आणि त्यावरच आपलं घर उभं राहणार आहे.

भूधारणेचा रकाना 'भोगवटादार वर्ग 1' सांगत असेल तर मोकळा श्वास घ्यावा. 'वर्ग 2' असेल तर जमीन शासनाने अटीवर दिलेली, इनाम-वतनाची किंवा कुळकायद्यातली असू शकते. ती सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. कृषक दिन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 1 एप्रिल 1957 रोजी कुळं कायद्याने मालक मानली गेली. पण किंमत भरून 32-म चं प्रमाणपत्र घेतलं की नाही, हे प्रत्येक प्रकरणात पाहावं लागतं. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर जमीन महसूल अधिनियमाचं कलम 36-अ लागू होतं आणि बिगर आदिवासीला ती सहजासहजी घेता येत नाही. अशा जमिनीपासून दूर राहावं, आणि केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे.

ठाण्याच्या पट्ट्यात आणखी दोन जुनी सावटं आहेत. पहिलं नागरी जमीन कमाल धारणा कायदा 1976 चं. हा कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर 2007 मध्ये रद्द झाला, पण कलम 20 खाली सूट घेतलेल्या जमिनींवरच्या अटी त्याने पुसल्या गेल्या नाहीत. दुसरं खासगी वनांचं. 1975च्या कायद्याचा आधार घेऊन घोडबंदर पट्ट्यातल्या अनेक सातबाऱ्यांवर वनाच्या नोंदी चढल्या. गोदरेज प्रकरणात जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीनमालकांना दिलासा दिला, तरी प्रत्येक सर्व्हे नंबरचा निकाल आपोआप लागला असं समजू नये. यातली एखादी नोंद दिसली की ती कमी झाल्याचा आदेश स्वतः पाहायचा.

मालकीची साखळी जुळली की दुसरं क्षेत्र हाती आलं. आता तिसरं.

महापालिकेच्या शहर विकास विभागातून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. ठाण्याचा आधीचा विकास आराखडा 1999 साली मंजूर झाला. 2026 ते 2046 साठीचा प्रारूप आराखडा ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातल्या रस्त्यांवरून व आरक्षणांवरून गावागावांतून हरकती गेल्या. घर बांधणाऱ्याने दोन्ही नकाशे पाहायला हवेत, कारण प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यापासून बांधकाम परवानगी देताना महापालिकेला त्याचाही विचार करावा लागतो. जुन्या नकाशात निवासी असलेल्या तुकड्यावर नव्या नकाशात रस्त्याची रेघ असू शकते. आराखडा आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे विभागाकडून लेखी घ्या.

कोलशेतच्या जमिनीला खाडीही लागून आहे. भरती-ओहोटीच्या पाण्यालगतच्या पट्ट्यावर सीआरझेडची, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, बंधनं येतात. 2019च्या अधिसूचनेत खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते अंतर धरलं आहे. तिवरांचा पट्टा मोठा असेल तर त्याभोवती आणखी 50 मीटर सोडावे लागतात. गावात हवाई दलाचं केंद्र आहे आणि संरक्षण आस्थापनांलगतच्या बांधकामावरही निर्बंध असतात. प्लॉट त्या कक्षेत येतो का, ते महापालिकेलाच विचारा. विजेची उच्चदाब वाहिनी वरून जात असेल तर तिच्याखालची जागा बांधकामासाठी बाद धरा.

मग जमीन डोळ्यांनी बघायला जायचं, आणि तेही पावसाळ्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. भरतीची वेळ कोळीवाड्यातला कुणीही तिथीवरून सांगेल. खाडीलगतचा प्लॉट सपाट, लाल मुरमाचा, रस्त्याच्या पातळीला आणलेला दिसला की समजावं, हा भराव आहे. कडेला जाऊन बघा. भराव जिथे उतरतो तिथे खालची काळी चिकण माती उघडी पडलेली असते आणि त्यात खेकड्यांची बिळं असतात. तिथे उधाणाचं पाणी येतं. अशा मातीवर साध्या पायाचं घर खचतं. माती परीक्षणासाठी भोकं घेतल्यावर खडक किती खोल आहे ते कळतं आणि पाइल घ्यावी लागेल का तेही. पाइलचा खर्च जमिनीच्या किमतीत मनोमन मिळवूनच भाव बोलायचा. शिवाय भराव परवानगीने झाला आहे का, हा प्रश्न उरतोच.

भूमी अभिलेख खात्याची मोजणी केल्याशिवाय खरेदी करू नये. अर्ज मालकाच्या नावाने उपअधीक्षक कार्यालयात जातो, लगतच्या खातेदारांना नोटिसा निघतात आणि ठरलेल्या दिवशी भूमापक यंत्र घेऊन येतो. त्या दिवशी तुम्ही जातीने हजर राहा. शेजारचा शांतपणे येऊन म्हणतो, "साहेब, ही भिंत माझ्या आजोबांच्या वेळची आहे, ती दगडाच्या आतच आहे." भूमापक जुन्या नकाशावरून हद्द दाखवतो आणि भिंत दीड मीटर आत आलेली निघते. वाद घालू नये, लिहून घ्यावं. मोजणीनंतर 'क' प्रत मिळते. तीत अभिलेखाप्रमाणे हद्द आणि वहिवाटीप्रमाणे हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. त्या दोन रेषांमधली जागा तुम्ही पैसे देऊन घेणार, पण ताबा शेजाऱ्याचा. हिस्सा नंबर नकाशावर फोडलेलाच नसेल, म्हणजे सातबारा वेगळा पण जमिनीवर पोटहिस्सा झालेला नसेल, तर तुम्ही नेमका कुठला तुकडा घेताय हे कुणालाच सांगता येणार नाही. रस्ताही याच दिवशी तपासावा. आज गाडी जाते म्हणून रस्ता आहे असं होत नाही. तो कुणाच्या सर्व्हे नंबरातून जातो आणि नकाशावर किंवा इतर अधिकारात तो आहे का, ते बघा.

आता वास्तुविशारदाला घेऊन हिशेब मांडा. समजा प्लॉट 12 मीटर रुंद आणि 18 मीटर खोल आहे, म्हणजे 216 चौरस मीटर, दोन गुंठ्यांहून थोडा मोठा. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत गावठाणाबाहेरच्या निवासी जागेला मूळ चटईक्षेत्र निर्देशांक 1.10 आहे. म्हणजे सुमारे 238 चौरस मीटर बांधकाम. उदाहरणापुरतं समोर 3 मीटर आणि बाकी तीन बाजूंना दीड-दीड मीटर मोकळं सोडायचं धरलं, तर घराच्या जोत्याला उरतात 9 गुणिले 13.5, म्हणजे 121.5 चौरस मीटर. तळमजला आणि वर एक मजला, छान घर झालं. पण याच प्लॉटच्या समोरच्या बाजूने 3 मीटर रस्तारुंदीत गेले, तर जोतं 9 गुणिले 10.5 वर येतं. सत्तावीस चौरस मीटर, एक मोठी बैठकीची खोली गेली. रस्त्यात गेलेल्या जागेचा मोबदला चटईक्षेत्राच्या रूपात मिळू शकतो, पण अंगण परत मिळत नाही. विकणाऱ्याकडे भावाची बोलणी करायला बसताना हा कागद समोर ठेवायचा.

व्यवहाराची पुढची पावलं तुलनेने सरळ आहेत. दुय्यम निबंधकाकडच्या नोंदींचा शोध वकिलाकडून घ्यायचा. शोध अहवालात 'काही पुस्तके फाटलेली असल्याने पाहता आली नाहीत' असं वाक्य असेल तर ती कोणती वर्षं, ते विचारा. ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात या जमिनीवर दावा आहे का तेही पाहा. मग स्थानिक खपाच्या मराठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, गावात वाचलं जातं त्या पत्रात. विसार द्यायचाच असेल तर साठेखत नोंदवून द्या. कुलमुखत्यारपत्र, ताबा पावती किंवा नोटरीचा करार यांनी मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात हे निःसंदिग्ध सांगितलं, तरी ठाणे जिल्ह्यात गुंठा-दोन गुंठ्यांचे व्यवहार अजून त्यावर होतात. अशा छोट्या तुकड्यांना तुकडेबंदीच्या 1947च्या कायद्याची आडकाठीही असू शकते, म्हणून त्याची ताजी स्थिती वकिलाकडून लेखी घ्या.

ठाणे शहरात खरेदीखतावर मेट्रो अधिभारासह 7 टक्के मुद्रांक शुल्क लागतं. ते ठरलेली किंमत किंवा शासनाचा बाजारमूल्य दर यांतल्या जास्त रकमेवर असतं. नोंदणी फी जास्तीत जास्त 30,000 रुपये. घर घेणाऱ्या महिलेला मिळणारी एक टक्क्याची सवलत मोकळ्या प्लॉटला धरू नका. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर एक टक्का टीडीएस कापून तुम्हीच भरायचा, आणि विकणारा अनिवासी असेल तर दर वेगळा व बराच जास्त असतो. जमिनीवर कर्ज मिळतं, पण घरकर्जापेक्षा कमी प्रमाणात आणि ठराविक मुदतीत बांधकाम करायच्या अटीवर. म्हणून बांधायचे पैसे जवळ नसताना जागा घेऊन ठेवायचा बेत मला पटत नाही.

खरेदीखत नोंदलं की फेरफार सुरू होतो. हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा आणि त्याच आठवड्यात कुंपण घाला.

बांधकाम परवानगीत आता बरीच सुटसुटीतता आली आहे. विकास आराखड्यातल्या निवासी पट्ट्यात स्वतंत्र बिनशेती परवानगीसाठी पूर्वीसारखी पायपीट राहिलेली नाही. नियमावलीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या आणि 300 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रावर चालणारी सोपी, जलद वाट आहे. पण परवानगी खरी आहे ना, हे महापालिकेतच पडताळा. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवल्याचं उघड झालं. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. नुसते कागद पाहून भागत नाही, ते ज्या कार्यालयाचे म्हणवतात तिथे जाऊन विचारावं लागतं. शहापूर, मुरबाडकडे आखलेल्या लेआउटमध्ये प्लॉट घेणार असाल तर 500 चौरस मीटरहून मोठ्या लेआउटची महारेरा नोंदणी आणि मूळ बिनशेती आदेश याच रीतीने पडताळून घ्या.

प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षासाठी असतं आणि पुढे दरवर्षी तीन वर्षांपर्यंत वाढवता येतं. जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणीचा अर्ज करा. इथे चूक सापडली तर ती चार विटांची असते, स्लॅब पडल्यावर तीच पाडकामाची होते. मंजूर नकाशात नसलेली बाल्कनी गवंड्याच्या आग्रहाने वाढवू नका. काम संपलं की भोगवटा प्रमाणपत्र घेऊनच राहायला जा. ते नसेल तर नियमित पाणीजोडणीला अडचण येते, बांधकाम अनधिकृत ठरलं तर मालमत्ता करावर शास्ती बसू शकते, आणि उद्या मुलांनी घर विकायचं ठरवलं तर पुढचा खरेदीदार त्यांना पहिला हाच कागद मागतो.